एकच एसएसडी आणि तीन ऑपरेटिंग सिस्टीम: कसं टाकायचं आणि कुठे अडकायला होतं

लॅपटॉपमध्ये स्लॉट एकच, त्यात एसएसडी पण एकच, आणि आपल्याला मात्र विंडोज पण पाहिजे, उबंटू पण पाहिजे आणि जमलंच तर फेडोरा पण बघायचंय (ही दोन्ही लिनक्सचीच रूपं). होतं का असं? होतं की, आरामात होतं. माझ्या मशीनवर गेली काही वर्षं तीन सिस्टीम एकत्र नांदतायत आणि आता कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. सुरुवातीला मात्र दोनदा सगळं पुसून परत करावं लागलं. एकदा माझ्या घाईमुळे आणि एकदा एक गोष्ट माहीतच नव्हती म्हणून. ती गोष्ट पुढे सांगते.

एक आधीच सांगून टाकते, फक्त लिनक्स कसं दिसतं एवढंच बघायचं असेल तर हा उद्योग करू नका, व्हर्च्युअल मशीन टाका नाहीतर पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा. ज्यांना ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद पाहिजे किंवा रोजचं काम दोन्हीकडे आहे त्यांनीच पुढे वाचा.

सगळ्यात आधी डोक्यात एक चित्र पक्कं करा, म्हणजे निम्मे घोटाळे होणारच नाहीत. एसएसडी म्हणजे वाडा आणि प्रत्येक सिस्टीम म्हणजे त्यातलं एक बिऱ्हाड. बिऱ्हाडं कितीही असू देत, वाड्याचा दिंडी दरवाजा एकच. हा दरवाजा म्हणजे ईएफआय सिस्टीम पार्टिशन, आपण त्याला ईएसपी म्हणू. फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं बारकं पार्टिशन असतं ते आणि त्यात प्रत्येक सिस्टीमचा बूटलोडर, म्हणजे तिला चालू करणारा छोटा प्रोग्रॅम, आपापल्या फोल्डरमध्ये असतो, मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरमध्ये विंडोजचा, उबंटू नावाच्या फोल्डरमध्ये उबंटूचा, फेडोरा नावाच्या फोल्डरमध्ये फेडोराचा. मशीन चालू झालं की मदरबोर्डचा फर्मवेअर, म्हणजे त्यातला मूळ प्रोग्रॅम, आपली यादी बघतो, या दरवाज्यात येतो आणि पहिल्या नंबरवर जो असेल त्याला उठवतो, बस. माझा नियम एकच आहे, प्रत्येक बिऱ्हाडाला दरवाज्यातून थेट आपल्या घरात जाता आलं पाहिजे, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून नाही. म्हणजे उद्या एक सिस्टीम उडवली तरी बाकीच्या तशाच चालू राहिल्या पाहिजेत.

हे सगळं यूईएफआय (नवीन प्रकारचा फर्मवेअर) आणि जीपीटी (डिस्कच्या वाटणीची नवीन पद्धत) वाल्या मशीनचं झालं. जुन्या बायॉस आणि एमबीआर पद्धतीत प्रायमरी पार्टिशन चारच करता यायची, २ टीबीच्या पुढची जागा वापरता यायची नाही आणि बूटलोडर एकच असायचा त्यामुळे जो शेवटी आला तो आधीच्याला खाऊन टाकायचा. जीपीटीत विंडोज १२८ पार्टिशनपर्यंत जाऊ देतं, आपल्याला दहा पण लागत नाहीत. तुमची डिस्क कुठल्या प्रकारात आहे ते विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग व्हॉल्युम्स टॅबमध्ये दिसतं. एमबीआर निघाली आणि मशीन यूईएफआय चालवणारं असलं तर विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, २०१७ पासून येतंय, डेटा न पुसता बदलून देतं, पण बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका आणि बदलल्यावर फर्मवेअरमध्ये जाऊन लेगसी मोड बंद करून यूईएफआय चालू करायला विसरू नका.

आता बॅकअप. मी सांगणार, तुम्ही मान डोलावणार आणि घेणार नाही, माहितीये मला. तरी सांगते, बाहेरच्या डिस्कवर घ्या, त्याच एसएसडीच्या दुसऱ्या पार्टिशनवर घेतलेल्या कॉपीला बॅकअप म्हणत नाहीत.

जागेचा हिशोब

१ टीबीची एसएसडी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, घाबरू नका, चोरी झालेली नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. मी केलेली वाटणी अशी: ईएसपी १ जीबी, विंडोज २५० जीबी, त्याचं रिकव्हरी पार्टिशन १ जीबीच्या आसपास, उबंटू ८१ जीबी, फेडोरा ८६ जीबी, एक रिकामी जागा ६० जीबीची नवीन काही आलं तर खेळायला, आणि उरलेलं सगळं म्हणजे साधारण ४५० जीबी डेटासाठी जे तिन्हीकडून दिसतं. विंडोज ११ ची कमीत कमी अट ६४ जीबीची आहे पण तेवढ्यात त्याला कोंबलं तर पहिल्या मोठ्या अपडेटलाच जीव गुदमरतो, १०० च्या खाली जाऊ नका. उबंटू २५ जीबीत बसतं, मात्र फ्लॅटपॅक, स्नॅप, डॉकर असलं काही वापरणार असाल तर ६० पासून पुढे धरा. एसएसडी २५६ जीबीचीच असेल तर तिसऱ्या सिस्टीमचा हट्ट सोडा, दोनच ठेवा.

८१ आणि ८६ असे विचित्र आकडे का? कारण पहिल्या वेळी मी दोन्ही लिनक्सला बरोबर ८० जीबी दिले होते आणि नंतर इन्स्टॉलरच्या पडद्यावर दोन सारखी दिसणारी पार्टिशन समोर आली, नाव नाही गाव नाही, नुसतं पी५ आणि पी६, आणि मी चुकीचं फॉरमॅट केलं. हीच ती घाई. तेव्हापासून प्रत्येकाचा आकडा वेगळा ठेवते, आकड्यावरूनच ओळखू येतं, आणि लेबल पण देते. फुकटचा उपाय आहे, करा.

अजून एक जुना समज इथेच मोडून टाकू. हार्ड डिस्कच्या काळात म्हणायचे की सिस्टीम डिस्कच्या सुरुवातीला ठेवा, तिथे वेग जास्त मिळतो. फिरणाऱ्या तबकडीत ते खरं होतं. एसएसडीत पार्टिशन ही फक्त नंबरांची वाटणी असते, आतला कंट्रोलर डेटा चिप्समध्ये कुठे लिहायचा ते स्वतः ठरवतो आणि झीज सगळ्या चिप्सवर सारखी वाटतो. त्यामुळे लिनक्सला शेवटी टाकलं म्हणून ते हळू चालणार नाही आणि पार्टिशन जास्त केली म्हणून एसएसडी लवकर खराब पण होणार नाही. फक्त ड्राइव्ह गच्च भरू नका, भरत आली की लिहिण्याचा वेग पडतो.

ईएसपी १ जीबी कशाला, विंडोज तर १०० एमबीचीच करतं ना? बरोबर, आणि उबंटू, फेडोरा यांना त्यात जागा पुरते पण, कारण ते तिथे फक्त काही एमबीचा बूटलोडर ठेवतात. पण पॉप ओएससारखी सिस्टीम किंवा सिस्टीमडी-बूट वापरणारं काही टाकलंत तर ते अख्खा कर्नल (लिनक्सचा गाभा) ईएसपीत ठेवतं आणि १०० एमबी दोन दिवसात भरतात. नंतर ईएसपी वाढवायची म्हटलं तर तिच्या मागे लगेच विंडोज चिकटून बसलेलं असतं, त्याला सरकवणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून कोरी एसएसडी असेल तर आत्ताच मोठी करा.

कोरी डिस्क असेल तर विंडोजपासून सुरुवात

पेनड्राइव्ह बनवायला रूफस घ्या नाहीतर व्हेंटॉय. मला व्हेंटॉय जास्त आवडतं कारण एकदा पेनड्राइव्ह तयार केला की त्यावर आयएसओ फाइल्स, म्हणजे सिस्टीमच्या इन्स्टॉलच्या फाइल्स, नुसत्या कॉपी करायच्या, विंडोजची, उबंटूची, फेडोराची, सगळ्या एकाच पेनड्राइव्हवर, आणि चालू करताना यादीतून निवडायची. सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर चालू न देणारं संरक्षण) चालू असेल तर व्हेंटॉय पहिल्या वेळी स्वतःची की नोंदवायला सांगतं, ते एकदाच करावं लागतं. पेनड्राइव्हवरून चालू करताना बूट मेनूत त्याच पेनड्राइव्हची दोन नावं दिसू शकतात, त्यातलं यूईएफआय लिहिलेलं निवडा. दुसरं निवडलंत तर विंडोजचा सेटअप पुढे जाऊन म्हणतो की या डिस्कवर इन्स्टॉल होत नाही, डिस्क जीपीटी आहे, आणि लोक डिस्कला शिव्या देत बसतात.

विंडोज सेटअपचा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. त्यात डिस्कपार्ट टाइप करा, अर्थात इंग्रजीत. मग लिस्ट डिस्क, साइझ बघून आपली डिस्क ओळखा, सिलेक्ट डिस्क आणि तिचा नंबर, मग क्लीन. थांबा. क्लीन म्हणजे अख्खी डिस्क साफ, विचारणार पण नाही खात्री आहे का म्हणून, त्यामुळे नंबर दोनदा बघा आणि बाहेरच्या डिस्का आधीच काढून ठेवा. त्यानंतर कन्व्हर्ट जीपीटी, मग क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ बरोबर १०२४ (बरोबर म्हणजे = हे चिन्ह), मग फॉरमॅट क्विक एफएस बरोबर फॅट३२, आणि दोनदा एक्झिट. आता सेटअपमध्ये पुढे या, रिकाम्या जागेवर न्यू करून २५६००० एमबी द्या, म्हणजे २५० जीबी, आणि तिथे विंडोज टाका. तयार असलेली ईएसपी ते आपोआप वापरतं, १६ एमबीचं एक राखीव पार्टिशन आणि रिकव्हरी पण स्वतःच करून घेतं. बाकीची जागा रिकामी सोडा, काही फॉरमॅट करू नका.

विंडोज आधीच का? जुन्या एमबीआरच्या काळात त्याला पर्याय नव्हता. यूईएफआयमध्ये विंडोज नंतर टाकलं तरी बाकीच्यांचे फोल्डर पुसत नाही, फक्त स्वतःला यादीत पहिला नंबर देतं. तरी पण आधी टाकलेलं बरं, कटकट कमी.

विंडोज आधीच असेल आणि त्यालाच आवळायचं असेल तर

बहुतेकांची परिस्थिती हीच असते. इथे तीन गोष्टी आधी करायच्या आणि यातली एकही सोडायची नाही.

पहिली, बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करून तिला सांकेतिक कुलूप लावणारी विंडोजची सोय. खूप जणांना माहीतच नसतं की आपली डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नवीन सेटअप केलं की बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की काढून कागदावर किंवा फोनमध्ये ठेवा, त्याच लॅपटॉपवर नको, किल्ली घरात ठेवून कुलूप लावल्यासारखं होईल ते. मग एन्क्रिप्शन बंद करा आणि पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबा, वेळ लागतो. नंतर परत चालू करता येतं. फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूटला हात लावला किंवा ग्रबमधून (लिनक्सचा बूटलोडर) विंडोज उघडलं की बिटलॉकरला संशय येतो आणि ते की मागू शकतं, तेव्हा की नसेल तर डेटा गेला समजा, तिथे कुणी काही करू शकत नाही.

दुसरी, फास्ट स्टार्टअप. विंडोज बंद केलं असं आपल्याला वाटतं पण ते खरं बंद होत नाही, स्वतःचा गाभा डिस्कवर लिहून अर्धवट झोपतं म्हणजे सकाळी लवकर उठता येईल. आता मधल्या वेळात लिनक्सने त्याच एनटीएफएस (विंडोजची फाइल ठेवायची पद्धत) पार्टिशनवर काही लिहिलं तर विंडोज उठल्यावर त्याच्या डोक्यात जुनाच हिशोब असतो आणि फाइल्स खराब होतात. म्हणून लिनक्स अशा पार्टिशनवर लिहायलाच नकार देतं, फक्त वाचू देतं, आणि मग लोक विचारतात की माझ्या डेटा ड्राइव्हवर काही सेव्ह का होत नाही. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटण काय करतं ते निवडा, तिथे ही खूण काढा. किंवा अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ, त्याने हायबरनेशनच बंद होतं आणि त्याची मोठी फाइल पण जाते, जागा मोकळी होते.

तिसरी, स्टोरेजचा मोड. काही इंटेल लॅपटॉपमध्ये फर्मवेअरमध्ये स्टोरेज आरएसटी किंवा रेड (RAID) मोडवर असतं आणि मग लिनक्सच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. त्याला एएचसीआयवर न्यायला लागतं, पण सरळ बदललंत तर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. युक्ती अशी आहे, विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करून थेट फर्मवेअरमध्ये जा, मोड एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि नवीन ड्रायव्हर उचलेल, मग एमएसकॉन्फिगमधली खूण काढून परत रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, पासवर्ड लक्षात असू द्या.

हे झालं की डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्युम. ४०० जीबी रिकामे आहेत आणि विंडोज म्हणतं ९० च सोडीन, असं हमखास होतं. कारण पार्टिशनच्या मधोमध न हलणाऱ्या फाइल्स बसलेल्या असतात, पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट. हे तिन्ही तात्पुरते बंद करून, रीस्टार्ट करून परत श्रिंक करा, बऱ्याचदा आकडा एकदम वाढतो. विंडोजचं पार्टिशन विंडोजच्याच टूलने आवळा, लिनक्सच्या जीपार्टेडने पण होतं पण ज्याचं त्याने करावं हे माझं मत. आवळून झालं की एकदा विंडोज चालू करून बघा, नीट आहे ना.

पहिलं लिनक्स

उबंटू धरून चालू. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालू करा, वायफाय, आवाज, टचपॅड चालतंय का पाच मिनिटं बघून घ्या. इन्स्टॉलरमध्ये विंडोजच्या शेजारी टाका असा एक सोपा पर्याय येतो. एकच लिनक्स टाकायचं असेल तर तो चांगलाच आहे, पण आपल्याला तीन मांडायच्यात तर मॅन्युअल पार्टिशनिंग घ्या.

तिथे रिकाम्या जागेवर ८१ जीबीचं ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल पद्धत) पार्टिशन करा, माउंट पॉइंट, म्हणजे ते कुठे जोडायचं ती जागा, नुसता स्लॅश. आपल्या फाइल्स आणि सेटिंग्जसाठी वेगळं होम पार्टिशन करू नका असं मी म्हणेन, जागा विनाकारण तुकड्यात अडकते. स्वॅप पार्टिशन (रॅम भरली की वापरायची जागा) पण नको, उबंटू आतमध्ये स्वॅप फाइल करतं आणि फेडोरा झेडरॅम, म्हणजे रॅममधलीच जागा वापरतं, दोघांनाही बाहेरचं लागत नाही. दोन लिनक्समध्ये एकच स्वॅप वाटून घ्यायचा सल्ला जुन्या लेखांत दिसतो, तो ठीक आहे पण एकाला हायबरनेट करून दुसरं चालू केलं तर पहिल्याची झोपलेली मेमरी पुसली जाते.

ईएसपी निवडताना लक्ष द्या. तीच जुनी १ जीबी वाली, नाहीतर विंडोजने केलेली, माउंट पॉइंट स्लॅश बूट स्लॅश ईएफआय, आणि फॉरमॅटची खूण नको म्हणजे नको. तिथे फॉरमॅट केलंत तर वाड्याचा दरवाजाच उखडला, विंडोज चालू होणार नाही. इथल्या बाकीच्या बऱ्याच चुका पटकन सुधारता येतात, ही मात्र निस्तरायला अख्खी संध्याकाळ जाते.

सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, उबंटू आणि फेडोरा दोन्ही सही केलेला बूटलोडर घेऊन येतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकलात तर इन्स्टॉलर कधीकधी एक पासवर्ड विचारतो आणि मग पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर एमओके मॅनेजमेंट असं काहीतरी येतं, तिथे एनरोल करून तोच पासवर्ड द्यायचा. लोक घाबरून कंटिन्यू दाबतात आणि मग ग्राफिक्स चालत नाही म्हणून ओरडतात.

झालं की रीस्टार्ट. उबंटू उघडून बघा. मग परत रीस्टार्ट करून फर्मवेअरच्या बूट मेनूतून विंडोज उघडून बघा, बूट मेनू मशीनप्रमाणे एफ१२, एफ९, एफ८ किंवा एस्केपने येतो. दोन्ही उघडली तरच तिसऱ्याकडे वळा. एकदम सगळं टाकून शेवटी तपासलं तर बिघडलं कशामुळे ते कळतच नाही.

दुसरं लिनक्स, आणि ती गोष्ट जी मला माहीत नव्हती

मी पहिल्या प्रयत्नात उबंटू आणि लिनक्स मिंट टाकलं होतं. मिंट टाकलं आणि बूट मेनूतून उबंटू निवडलं तरी मिंटचाच ग्रब यायचा. दोन दिवस कळेना काय होतंय. तर झालं असं की मिंट उबंटूवरच बनलेलं आहे आणि ईएसपीत ते मिंट नावाचं फोल्डर करतच नाही, उबंटू नावाच्याच फोल्डरमध्ये लिहितं! म्हणजे दोन बिऱ्हाडांची पाटी एकच, जो नंतर आला त्याने आधीच्याची काढून स्वतःची लावली. नंतर कधी दुसऱ्याने ग्रब अपडेट केला की तो परत स्वतःची लावतो, आणि असा खो-खो चालू राहतो.

म्हणून सोपा मार्ग म्हणजे वेगवेगळ्या घराण्यातलं निवडा. उबंटूबरोबर फेडोरा, ओपनसूसे, किंवा डेबियन घ्या, यांची फोल्डरं वेगळी असतात. मिंट पाहिजेच असेल तर लाइव्हमध्ये टर्मिनलमधून यूबिक्विटी डॅश बी असा इन्स्टॉलर चालू करा, म्हणजे तो बूटलोडर टाकतच नाही, आणि मग मिंट उबंटूच्या ग्रबमधून उघडायचं. पण मग ते दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून जाणं झालं, माझ्या नियमात बसत नाही, तुम्हाला चालत असेल तर चालवा.

फेडोरा टाकताना पण तेच, मॅन्युअल, ८६ जीबीची जागा, ईएसपी जुनीच आणि फॉरमॅट न करता. फेडोरा २०२० पासून डेस्कटॉपवर बीटीआरएफएस (फाइल ठेवायची वेगळी पद्धत) वापरतं, आणि बूटसाठी वेगळं १ जीबीच्या वरचं ईएक्सटी४ पार्टिशन मागतं, ते त्या ८६ मधूनच द्या. होम फोल्डर दोघांत वाटून घेण्याचा मोह होतो, करू नका, दोन्हीकडे एकाच प्रोग्रॅमच्या वेगळ्या आवृत्त्या असतात आणि त्यांच्या लपलेल्या सेटिंग फाइल्स एकमेकांचं डोकं फिरवतात.

डेटासाठी उरलेल्या जागेवर विंडोजमधून एनटीएफएस पार्टिशन करा. लिनक्समध्ये एनटीएफएस आता नीट चालतं, कर्नल ५.१५ पासून म्हणजे २०२१ पासून तर लिहिता-वाचता येणारा ड्रायव्हर आतच आहे. लिनक्सच्या एफएसटॅब फाइलमध्ये त्याची नोंद यूयूआयडीने, म्हणजे पार्टिशनच्या ओळख क्रमांकाने करा आणि ऑप्शनमध्ये नोफेल लिहा, म्हणजे कधी ते माउंट झालं नाही तरी सिस्टीम चालू व्हायची थांबत नाही. फोटो, गाणी, कागदपत्रं यासाठी मस्त आहे. स्टीमचे गेम मात्र एनटीएफएसवरून लिनक्समध्ये चालवायला जाऊ नका, रडवतं.

रोज चालू करताना कोण उठणार

ग्रबचा मेनू सगळ्या सिस्टीम दाखवू शकतो पण २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवतात. चालू करायचा असेल तर इटीसी डिफॉल्टमधल्या ग्रब फाइलमध्ये ग्रब डिसेबल ओएस प्रोबर बरोबर फॉल्स अशी ओळ टाकून अपडेट-ग्रब चालवा. विंडोज दिसायला लागेल. पण दुसऱ्या लिनक्सच्या बाबतीत यात एक गोम आहे, उबंटूचा ग्रब फेडोराच्या त्या दिवशीच्या कर्नलचं नाव लिहून ठेवतो, फेडोराने नवीन कर्नल आणला की उबंटूच्या यादीत जुनंच नाव राहतं, आणि जुना कर्नल काढून टाकला की ती नोंद उघडतच नाही. म्हणून मी लिनक्स एकमेकांच्या ग्रबमधून उघडतच नाही. रोजची सिस्टीम यादीत पहिली ठेवते आणि दुसरी पाहिजे असेल तेव्हा एफ१२. मेनू सुंदर पाहिजे असेल तर रीफाइंड आहे, तो दर वेळी चालू होताना ईएसपी स्वतः बघून यादी बनवतो त्यामुळे शिळं काही राहत नाही, फक्त सिक्युअर बूट चालू असेल तर त्याच्या कीची थोडी खटपट करावी लागते.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी थेट विंडोजच उघडायला लागतं. लिनक्स गेलं नाहीये, फक्त नंबर खाली गेलाय. फर्मवेअरमध्ये जाऊन क्रम बदला, किंवा लिनक्समध्ये ईएफआयबूटएमजीआर डॅश ओ ने. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र जरा वेगळं झालं होतं, विंडोजच्या सुरक्षा अपडेटने जुने बूटलोडर नाकारायचं धोरण लावलं आणि ते ड्युअल बूटच्या (विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या) मशीनवर पण लागलं, कित्येकांचं लिनक्स ‘शिम एसबीएटीची तपासणी फसली’ असा संदेश देऊन बंद पडलं. असं कधी झालं तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये जा, एमओकेयूटिलला सेट-एसबीएटी-पॉलिसी डिलीट सांगा, एकदा रीस्टार्ट करा, सगळे अपडेट घ्या आणि सिक्युअर बूट परत चालू करा.

बारीकसारीक वैताग

घड्याळ. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ काही तास पुढेमागे झालेली दिसते. बॅटरी गेलेली नसते. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ चालवलं की भागतं. दोन लिनक्स असतील तर दोन्हीकडे चालवा. विंडोजला रजिस्ट्रीतून यूटीसी शिकवणं जास्त बरोबर आहे, रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची नोंद १ करायची, पण ज्यांना रजिस्ट्रीची भीती वाटते त्यांनी पहिला उपाय करा.

ब्लूटूथ हेडफोन प्रत्येक वेळी परत जोडायला लागतात. कारण हेडफोनला तिन्ही सिस्टीम म्हणजे एकच मशीन वाटतं, पत्ता एकच ना, पण प्रत्येक सिस्टीमने केलेली गुप्त की वेगळी असते आणि हेडफोन शेवटचीच लक्षात ठेवतो. एका सिस्टीममधली की दुसऱ्यात हाताने उचलून टाकता येते पण मी कंटाळून वायरचे हेडफोन घेतले.

ट्रिमची, म्हणजे पुसलेल्या फाइल्सची जागा एसएसडीला कळवण्याची, काळजी नको, विंडोज ऑप्टिमाइझ ड्राइव्हज मधून आणि लिनक्स एफएसट्रिमच्या टायमरने आठवड्यातून एकदा करतं. एवढंच की प्रत्येक जण आपण माउंट केलेल्या पार्टिशनचंच ट्रिम करतो, म्हणून एखादी सिस्टीम सहा महिने उघडलीच नसेल तर तिच्यात पुसलेल्या फाइल्सची जागा कंट्रोलरला मोकळी झालेली कळत नाही. अधूनमधून चालू करत जा. अपडेट पण व्हायला पाहिजेतच.

एखादी काढायची असेल तर

पार्टिशन उडवलं म्हणजे काम झालं असं नाही, पाटी दरवाज्यावर तशीच राहते. आधी फर्मवेअरमध्ये जाऊन जी सिस्टीम ठेवायची आहे ती पहिल्या नंबरला आणा, नाहीतर पार्टिशन गेल्यावर ग्रब स्वतःच्या फाइल्स शोधत बसतो आणि काळ्या पडद्यावर नुसतं ग्रब लिहून थांबतो. मग पार्टिशन काढा. मग दुसऱ्या लिनक्समधून ईएफआयबूटएमजीआर नुसतं चालवून यादी बघा, नको त्या नोंदीचा चार आकडी नंबर घ्या, छोट्या लिपीतला डॅश बी त्या नंबरसकट आणि शेवटी कॅपिटल डॅश बी, नोंद गेली. ईएसपीतलं तिचं फोल्डर पण हाताने पुसा, फक्त तिचंच. विंडोजमधून करायचं असेल तर अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये माउंटव्हॉल एस कोलन स्लॅश एस केलं की ईएसपी एस ड्राइव्ह म्हणून लागते, एक्सप्लोरर तिच्यात जाऊ देत नाही, टर्मिनलमधूनच फोल्डर काढा. मायक्रोसॉफ्ट आणि बूट नावाची फोल्डरं तिथे दिसतील, त्यांना हात लावू नका.

रिकामी झालेली जागा शेजारच्या पार्टिशनला जोडायची असेल तर ती त्याच्या लगेच उजवीकडे असेल तरच विंडोज जोडून देतं. मधे दुसरं काही आलं असेल तर जीपार्टेडने आधी ते सरकवावं लागेल, त्याला वेळ लागतो आणि मधेच लाइट गेली तर पंचाईत, म्हणून लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली ठेवून चार्जर पण लावूनच बसा. मी तर जोडत पण नाही, ती जागा तशीच सोडते आणि पुढच्या वेळी नवीन काही आलं की तिथेच टाकते.